किनाऱ्यावरचा वाद आणि केडगावचा छापखाना

१८३१ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा जाहीर वाद रंगला. मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सननी लगोलग उत्तर छापले. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांना आव्हान देऊ लागले. आज ती जुगलबंदी वाचताना दोन्हीकडची भाषा बोचते, विल्सनची तर जरा जास्तच. पण सत्य एकच असते आणि ते सगळ्यांसाठी असते, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते. ‘ज्याचे त्याच्यापाशी’ म्हणायचे, तर किनाऱ्यावर यायचेच कशाला?

ख्रिस्ती श्रद्धेचा कणाही हाच. येशू हेच सत्य, ही साक्ष देवळाच्या चार भिंतींपुरती मानली तर तिच्यात राहते काय? मात्र जे सर्वांना लागू, ते सांगणाऱ्यालाही लागू. मिशनऱ्यांना याचा अनेकदा विसर पडे.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांना तो कधी पडला नाही. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित आधी मिशनऱ्यांचे तोंड बंद करायला निघाले होते. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाला त्यांनी विशीच्या उंबरठ्यावर ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले, तेही संस्कृतातच. मग त्याच काटेकोरपणाने बायबल तपासले आणि १८४८ साली जौनपूरला बाप्तिस्मा घेतला. शंकांनी मात्र त्यांची पाठ अखेरपर्यंत सोडली नाही. ख्रिस्ती श्रद्धेबाबत अशा माणसाचा शब्द पंडिता रमाबाईंना पटावा, यात नवल नाही.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेजला झाला. आता ही विदुषी चर्चचे मुकाट ऐकेल, असे तिथल्या मठातल्या भगिनींना वाटले असावे. झाले उलटेच. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. त्यांच्यापैकीच सिस्टर जेराल्डिनबरोबरच्या पत्रव्यवहारात त्यांनी बजावले, की एका पुरोहितवर्गाचे जोखड झुगारले ते दुसरे मानेवर घ्यायला नव्हे. हा बंडखोरपणा म्हणून त्यांचे कौतुक होते, पण ते अपुरे आहे. सत्याला मालक नसतो, बिशपही नाही, हा त्यांचा मुद्दा अस्सल ख्रिस्ती होता.

पुढे त्यांनीच केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशन या आश्रमात तो कृतीत उतरला. प्रचलित मराठी बायबल साध्या बायकांना कळत नाही, म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले. छापखानाही तिथलाच. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे आश्रमातल्या स्त्रिया करत. समाजाने घराबाहेर काढलेल्या बायकांच्या हातून ग्रंथ आकाराला येत होता. किनाऱ्यावरच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा हे उत्तर वजनदार होते.

एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.