मुंगूस कोंबडीचे रक्त पीत नाही

सकाळी खुराड्याचे दार उघडावे, आत आठ-दहा कोंबड्या माना टाकून पडलेल्या असाव्यात, एकीचेही मांस फारसे खाल्लेले नसावे, जमिनीवर रक्ताचे थारोळे नसावे आणि मानेवर किंवा डोक्यामागे दोन-चार बारीक छिद्रांपलीकडे दुसरी जखम दिसू नये, असा प्रसंग कोकणात, मावळात किंवा विदर्भातील रानालगतच्या गावांत ज्यांच्यावर गुदरला आहे, त्यांच्या तोंडून पुढचे वाक्य ठरल्यासारखे येते : "मुंगसाने रक्त पिऊन टाकले." शेजारी त्याला दुजोरा देतात, ज्येष्ठ माणसे पूर्वीचे दाखले देतात, आणि पुस्तके वाचलेली, शहरात नोकरी करून परतलेली मंडळीही निःशंक मनाने तेच वाक्य उच्चारतात. हे विधान मी इतक्या ठिकाणी, इतक्या खात्रीच्या स्वरात ऐकले आहे, की त्याचा एकदा सविस्तर परामर्श घेणे मला कर्तव्यच वाटते. कारण त्याची दोन्ही अंगे असत्य आहेत. रात्रीचे ते कृत्य मुंगसाचे नसते, आणि रक्त तर कोणीच प्यालेले नसते.

प्रथम साधा हिशेब करू. पक्ष्याच्या देहात रक्ताचे प्रमाण वजनाच्या सुमारे 6 ते 8 टक्के असते. म्हणजे दीड किलो वजनाच्या गावरान कोंबडीत ते 100 मिलिलिटरच्या आसपास भरते. दहा कोंबड्यांचे रक्त प्यायचे तर एक लिटर रक्त पोटात जावयास हवे. आपल्याकडील करड्या मुंगसाचे स्वतःचेच वजन साधारणतः एक ते दीड किलो असते. स्वतःच्या देहभाराइतके द्रव्य एका रात्रीत गिळून, पुन्हा ज्या फटीतून आत शिरले त्याच फटीतून सुखरूप बाहेर पडणारा प्राणी सृष्टीत नाही. ज्याला आकडेमोड येते, त्याने एवढ्यावरच हा समज सोडून द्यावयास हरकत नव्हती.

"मग रक्त गेले कोठे?" हा प्रश्न यावर हटकून विचारला जातो आणि तो रास्तही आहे. त्याचे उत्तर असे, की ते कोठेच गेलेले नसते. लहान मांसभक्षक प्राणी मानेचा मागचा भाग किंवा कवटीचा तळ चावून भक्ष्य मारतात; सुळे बारीक असल्याने कातडीवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे पडतात, मज्जारज्जू किंवा मेंदू दुखावून मृत्यू झटकन येतो, आणि हृदय थांबले की रक्त वाहते ठेवणारा दाबच नाहीसा होतो. जे थोडे बाहेर येते ते पिसांत शोषले जाते. उरलेले आतच साकळते आणि देह ज्या कुशीवर पडला असेल त्या कुशीकडे उतरते, त्यामुळे वरची बाजू पांढुरकी, निस्तेज दिसते. ज्यांना शंका असेल त्यांनी अशा मृत कोंबडीच्या मानेवरची पिसे उपटून कातडी चिरून पाहावी : दंशाच्या जागी साकळलेल्या रक्ताची काळीनिळी गाठ आढळते. हातमोजे घालून हा पंचनामा अवश्य करावा, मात्र ती कोंबडी खाऊ नये आणि कुत्र्यालाही घालू नये. खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावी.

रक्तावरच उपजीविका करणारे सस्तन प्राणी जगात आहेत, परंतु ते मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या प्रदेशात राहणाऱ्या वटवाघळांच्या अवघ्या तीन जातींचे आहेत, आणि तेही रक्त शोषून घेत नाहीत, तर जखम करून चाटतात. मुंगसाची, उदमांजराची किंवा रानमांजराची दंतरचना मांस कापण्यासाठी घडलेली आहे. शोषणासाठी लागणारी इंद्रियरचना त्यांच्या मुखात नाही. युरोपातील शेतकरी पिढ्यानुपिढ्या वीझल या चिमुकल्या प्राण्यावर हाच आरोप करीत आले, आणि तेथेही फसगत मानेवरच्या अशाच छिद्रांमुळे झालेली आहे.

खरे कोडे निराळेच आहे. खावयाचे नव्हते तर मारल्या कशाला? रक्ताच्या कल्पनेला बळ मिळते ते या प्रश्नामुळे, कारण माणसाला हेतूवाचून हत्या समजत नाही. या विषयावर हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाचा 1972 साली प्रसिद्ध झालेला निबंध आधारभूत मानला जातो. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जमिनीवर घरटी करणारे कुरव पक्षी गर्द काळोख्या रात्री उडून जात नाहीत, आणि अशा रात्री कोल्हे गरजेपेक्षा कितीतरी अधिक पक्षी मारून न खाताच निघून जातात. आफ्रिकेत सेरेंगेटीच्या माळावर एका वादळी, अंधाऱ्या रात्री तरसांनी हरिणांची अशीच कत्तल केली. निष्कर्ष असा, की भूक शमली म्हणजे भक्ष्य शोधण्याची प्रेरणा मंदावते, पण समोर हाताशी फडफडणाऱ्या भक्ष्यावर झडप घालण्याची प्रेरणा लगेच मंदावत नाही. रानात एक पक्षी पकडला जाताच बाकीचे पळून जातात आणि प्रकरण तेथेच संपते. खुराड्यात ते पळू शकत नाहीत. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. ती बसल्या जागी थिजते किंवा आंधळेपणाने भिंतीवर आदळत राहते, आणि ती प्रत्येक फडफड त्या प्राण्याला पुन्हा चेतवते. चार भिंती आपण उभारल्या, दार आपण लावले आणि एक फट आपणच ठेवली. एवढ्या जुळणीतून ही हत्या घडते.

आता मुंगसाविषयी. मुंगूस दिवाचर आहे. उजाडल्यावर ते बिळाबाहेर पडते आणि दिवेलागणीच्या सुमारास परतते. हे ज्यांना पटत नाही त्यांनी जमैका बेटाचा इतिहास पाहावा : तेथील उसाच्या मळ्यांतील उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी 1872 मध्ये कलकत्त्याहून छोट्या जातीची मुंगसे नेण्यात आली, पण उंदीर मुख्यतः रात्री वावरणारे आणि मुंगूस दिवसा वावरणारे, त्यामुळे योजनेचे पुरते इष्ट फळ मिळाले नाहीच, उलट जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि सरपटणारे जीव यांचा फडशा पडला. मुंगूस निरपराध आहे असे मी म्हणत नाही. भर दुपारी परसात चरणारी पिल्ले ते उचलते, अंडी फोडून खाते, एकट्या तलंगेवरही हल्ला करते. परंतु रात्री झालेल्या हत्येचा गुन्हा त्याच्या नावे नोंदवणे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला मोकाट सोडणे होय.

तो गुन्हेगार कोण, हे खुणांवरून बहुधा ठरवता येते. मानेवर छिद्रे, एखादीचे डोके किंवा छातीचा भाग खाल्लेला, आणि वाट कौलांखालच्या वळचणीतून आलेली, असे असेल तर उदमांजराचा संशय प्रथम घ्यावा. कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात तो हा प्राणी उत्तम चढतो आणि घराच्या माळ्यावरही बिऱ्हाड करतो. अख्खी कोंबडी नाहीशी झाली आणि पिसांची ओळ कुंपणापर्यंत गेली असेल तर रानमांजर, कोल्हा किंवा गावातलाच कुत्रा. जाळीजवळ पडलेल्या कोंबडीचा पाय किंवा डोके तेवढे तुटलेले असेल, तर कोणी तरी बाहेरून छिद्रातून पंजा घालून ओढले आहे. पिल्ले मागमूस न ठेवता एकेक करून गायब होत असतील तर घूस आणि उंदीर यांची बिळे शोधावीत. आणि अंडी टरफलासकट नाहीशी होत असतील तर साप. तो पुष्कळदा पोट फुगल्यामुळे जाळीतून परत निघू न शकता आतच सापडतो.

या गैरसमजावर मी एवढा चिडतो, त्यास कारण आहे. रक्तपिपासू शत्रूची कल्पना एकदा मनात ठसली की माणूस फट शोधीत नाही, सूड शोधतो. मग मांसात कीटकनाशक कालवून ठेवले जाते, फासे लावले जातात, कोठे कोठे घरातली वीज उघड्या तारेत सोडण्याचा अघोरी प्रकार होतो. त्यात घरचाच कुत्रा मरतो, उंदीर खाणारे घुबड मरते, आणि तारेने माणसेही मेली आहेत. मुंगूस, उदमांजर, रानमांजर आणि घोरपड या सर्वांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा फाशात पकडणे हा दंडनीय अपराध आहे. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला, तरी एक प्राणी मारल्याने ती हद्द रिकामी राहत नाही, दुसरा येतो, आणि फट तर जेथल्या तेथेच असते. 2019 च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील 85 कोटींहून अधिक कुक्कुटपक्ष्यांपैकी जवळजवळ 32 कोटी परसातले आहेत. त्यांचा सांभाळ बहुतांशी घरातल्या स्त्रियाच करतात, आणि अंड्यांच्या पैशातून मुलांच्या वह्या आणि स्वतःचे औषधपाणी भागवतात. अशा घरात एका रात्रीत दहा कोंबड्या मरणे हे क्षुल्लक नुकसान नव्हे. म्हणूनच त्या स्त्रियांना खोटा शत्रू दाखवून देणाऱ्यांचा मला राग येतो.

दुसरा मोठा भ्रम जाळीचा. षट्कोनी छिद्रांची जी पातळ जाळी बाजारात कोंबड्यांसाठी म्हणून विकली जाते, ती कोंबडीला आत ठेवण्यापुरती आहे. कुत्रा ती दातांनी फाडतो, घूस कुरतडते, आणि तिच्या छिद्रातून पंजा सहज आत जातो. खुराड्याला अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची, जाड तारेची वेल्डमेश जाळी लावावी, आणि ती लाकडाला खिळ्यांनी न ठोकता पट्टी व स्क्रू यांनी आवळावी. या लहान प्राण्यांचे डोके जेथून शिरते तेथून सहसा अंगही शिरते, हे ध्यानात ठेवून वळचण, आढ्याजवळची पोकळी, दाराखालची झीज आणि सांडपाण्याचे भोक ही चार स्थळे आधी तपासावीत. जमीन मातीची असल्यास कोबा करावा, किंवा जाळीचा एक ते दीड फुटाचा पट्टा भिंतीपासून बाहेरच्या बाजूस आडवा पसरून वर माती व दगड टाकावेत. उकरणारा प्राणी भिंतीलगतच उकरू लागतो आणि जाळीवर अडतो. उंच जोत्यावरचे किंवा खांबांवरचे खुराडे उत्तम, पण त्याच्यावर झुकलेली फणसाची किंवा आंब्याची फांदी तोडली नाही तर उंचीचा उपयोग नाही. नुसत्या अडकवणीच्या कडीला खीळ घालावी.

किरकोळ समज थोडक्यात सांगतो. लसूण, फिनेल किंवा सर्पगंधेचे रोप यांनी साप दूर राहतो, याला आधार नाही. साप उंदरामागून येतो आणि उंदीर सांडलेल्या दाण्यामागून, म्हणून दाणा रात्री झाकून ठेवावा. घारी मोठ्या कोंबड्या उचलून नेतात हे खरे नाही. घारीला पिल्लू झेपते, आणि त्यासाठी झुडपांचा आडोसा किंवा वरून बांधलेले मासेमारीचे जुने जाळे पुरते. कोंबडा राखण करतो, पण ती दिवसापुरती आणि ओरडण्यापुरती. गिनी कोंबड्या कलकलाट करून जाग आणतात, शत्रूला हाकलीत नाहीत. अंगणात दिवा जळत ठेवला की कोणी येत नाही असे म्हणतात. चार रात्रींत प्राणी दिव्याला सरावतात. कुत्रा चांगला राखणदार होतो, पण लहानपणापासून कोंबड्यांत वाढवलेला असेल तरच.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. दिवस मावळता मावळता कोंबड्या आपण होऊन खुराड्याकडे वळतात. त्याच वेळी त्या मोजाव्यात, दार लावावे, आणि एखादी झाडावर बसली असेल तर उद्यावर न टाकता उतरवून आत घालावी. खुडूक कोंबडी बाहेर अंड्यांवर बसली असेल तर तिलाही अंड्यांसकट डालग्याखाली घेऊन वर पाटा किंवा जड दगड ठेवावा, कारण वर वजन नसलेले डालगे कुत्रा नाकाने उलथतो. आणि एकदा हल्ला झाला असेल, तर दुरुस्ती त्याच दिवशी, अंधार पडण्याआधी करावी. ज्या प्राण्याला येथे भक्ष्य मिळाले, तो दुसऱ्याच रात्री पुन्हा त्याच वाटेने येण्याचा संभव अधिक असतो.