ट्रान्झिस्टरच्या गोंगाटाचा ताळेबंद

महाशिवरात्रीच्या यात्रेत गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडाच्या पायथ्याशी उभा राहून एखादा यात्रेकरू मोबाइलवरून घरी खुशाली कळवतो, तेव्हा भोवतीच्या जनसमुदायाचा कोलाहल सर्वांनाच ऐकू येतो. परंतु दूरच्या मनोऱ्याकडून येणारा, प्रसंगी एका वॉटच्या दहा लाख कोटीव्या अंशाइतका क्षीण संकेत ज्या ट्रान्झिस्टरने प्रथम उचलायचा, त्याच्याच अंतरंगात दुसरा एक गोंगाट अहोरात्र चालू असतो, याची वार्ता फार थोड्यांना असते.

उष्णतेने इलेक्ट्रॉन सतत चंचल असतात आणि त्या चांचल्यातून सूक्ष्म विद्युत्दाब उत्पन्न होतो, हे जॉन्सन यांनी प्रयोगाने व नायक्विस्ट यांनी गणिताने १९२८ साली दाखवून दिले. गोंगाट केल्विन अंशांत मोजण्याची तजवीज याच विचारावर उभी आहे. समजा, पहिल्या प्रवर्धकाचा गोंगाट ३० केल्विन असून तो संकेत १०० पट वाढवतो. मग मागच्या ३०० केल्विनच्या प्रवर्धकाची भर ३ केल्विनांचीच पडते आणि एकूण रक्कम ३३ होते. हाच क्रम उलटा केला, तर ती ३०० च्याही वर जाते. फ्रिस यांनी १९४४ साली मांडलेल्या या हिशेबामुळे पहिल्या ट्रान्झिस्टरवर सारी भिस्त येऊन पडते.

उच्च कंप्रतेला मात्र ट्रान्झिस्टर सरळ वागत नाही. गेट, सोर्स व ड्रेन या त्याच्या टोकांपैकी गेटजवळची धारिता, सोर्सचा रोध, तारांचे प्रवर्तन, असे खालच्या कंप्रतेला नगण्य वाटणारे घटक येथे आपापला वाटा मागू लागतात. म्हणून अभियंता प्रत्यक्ष मोजमापे घेऊन, त्यांच्याशी जुळणारे रोध, धारित्रे व प्रवाहस्रोत यांचे एक मानीव मंडल कागदावर मांडतो. त्यात गोंगाट कोठे बसवायचा, हा खरा पेच होता. पोस्पिएशाल्स्की यांनी १९८९ साली तो ज्या साधेपणाने सोडवला, त्याला मी मनापासून दाद देतो: गेटच्या रोधाला एक तापमान, ड्रेनच्या वाहकतेला दुसरे, एवढ्यावर त्यांनी काम भागवले. गेटचे तापमान भोवतालच्या हवेच्या आसपास राहते, ड्रेनचे हजार केल्विनांपलीकडेही जाऊ शकते. अर्थात स्फटिक तितका तापत नाही, ते केवळ हिशेबाचे तापमान होय. एका कंप्रतेवरील मोजमापांवरून इतर कंप्रतांवरचा गोंगाट आधीच वर्तवता येतो, हे या पद्धतीचे मोठे सामर्थ्य.

प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून नारायणगावजवळ खोडद येथे उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत; पण आकाशातून आलेली लहर त्यांनी कितीही निष्ठेने गोळा केली, तरी पहिल्या प्रवर्धकाने तीत आपला गोंगाट मिसळला, की तो पुढे पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांना म्हणूनच माझी विनंती आहे, की ट्रान्झिस्टर संकेत किती पट वाढवतो हे शिकवताना तो त्यात किती गोंगाट घालतो, याचाही हिशेब विद्यार्थ्यांकडून त्याच तासाला करवून घ्यावा.