भुकटी सारखी, आग वेगळी

औष्णिक वीजकेंद्रात, मग ते चंद्रपूरचे असो वा कोराडीचे, कोळसा पिठासारखा दळून जाळतात. साधारण 70 टक्के भुकटी 75 मायक्रॉनपेक्षा बारीक असते आणि हवेबरोबर भट्टीत फवारलेल्या कणांना जळायला जेमतेम काही सेकंद मिळतात. म्हणून कोळशात उष्णता किती, याइतकाच ती किती वेगाने सुटते हा प्रश्नही मोलाचा. कोळशाच्या जातींत अँथ्रासाइट उष्मांकात लिग्नाइटच्या कितीतरी पुढे, पण पेटायला हट्टी! कण तापला की त्यातले ज्वलनशील वायू सेकंदाच्या छोट्या अंशात बाहेर पडून पेटतात. उरलेला कार्बनचा सांगाडा सावकाश जळतो आणि बहुतेक वेळ तोच खातो. लिग्नाइटमध्ये वायू भरपूर, सांगाडा सच्छिद्र. अँथ्रासाइटमध्ये वायू थोडे, कार्बन घट्ट रचलेला.

मग कोळसा आणखी बारीक दळला तर हा फरक पुसला जाणार नाही का? दळण्याने ज्वलन वेगवान होते हे खरे. पण मोठा, अतितप्त कण किती वेगाने जळणार हे त्याच्यापर्यंत ऑक्सिजन पोहोचण्यावर ठरते. तिथे कोळशाची जात गौण असते. कण लहान केला की ही अडचण ओसरते आणि कार्बनचा रासायनिक स्वभावच वेग ठरवू लागतो. म्हणजे बारीक दळल्याने जातीतला फरक उलट उघडा पडतो. अँथ्रासाइटसाठी ज्योत खाली वळवून तिचा मार्ग लांबवणाऱ्या खास भट्ट्या बांधाव्या लागल्या, त्या याचमुळे. आपल्या भारतीय कोळशातली राख उष्णता शोषते, मग तो नीट कसा पेटणार, हा आक्षेपही रास्त. पण राख वगळून मोजल्यास त्यात वायू पुरेसे असतात, म्हणून तो बऱ्यापैकी पेटतो.