क्विनोआची लागवड : ख्याती आणि वस्तुस्थिती

धाकटी पंढरी म्हणून वारकऱ्यांत आदराने ओळखल्या जाणाऱ्या बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या परिसरात, जेथे पर्जन्यमान बेभरवशाचे आणि शेती बहुतांशी जिरायत, तेथे ‘पाण्यावाचून येणारे पीक’ ही क्विनोआची ख्याती कानी आली म्हणजे अनुभवी शेतकऱ्यालाही तिचा मोह पडावा, हे स्वाभाविक आहे. परंतु ही ख्याती अर्धसत्य असल्याने बी खरेदी करण्यापूर्वीच तिची शहानिशा होणे इष्ट.

क्विनोआला सर्रास भरडधान्य म्हटले जाते. ज्वारी-बाजरी तृणकुळातील, क्विनोआ मात्र राजगिऱ्याच्या कुळातील, आपल्या चाकवताचा निकटचा भाऊबंद. शेतात उगवणारा चाकवत आणि क्विनोआचे कोवळे रोप इतके सारखे दिसतात, की बी फोकून पेरल्यास खुरपणीच्या वेळी पीक कोणते आणि तण कोणते, हेच कळेनासे होते; म्हणून सरळ ओळींतच पेरावे.

पाण्याविषयीचा समज अधिक घातक आहे. मुळे खोल गेल्यावर हे झाड ताण सोसते, हे खरे. परंतु जेमतेम दोन मिलिमीटरचे ते बी उगवताना जमिनीच्या वरच्या थरात ओल लागतेच. ढेकळे पूर्ण फोडून, एक-दोन सेंटिमीटर खोलीवरच ते पडेल अशी तजवीज करावी. नेहमीच्या तिफणीने ते खोल गाडले गेल्यास कोंब वर येत नाही. उलट पाणी साचलेल्या जमिनीत रोपे पिवळी पडून मरतात.

यापेक्षाही मोठी चूक हंगामाची. अँडीज पर्वतातील टिटिकाका सरोवराभोवतीच्या थंड पठारावर वाढलेल्या या वनस्पतीला खरिपातील संततधार मानवत नाही, आणि फुलोऱ्यात तापमान ३५ अंशांपलीकडे गेले तर परागकण निकामी होऊन दाणा पोचट राहण्याचा धोका असतो. शिवाय तिच्या दाण्याला सुप्तावस्था जवळजवळ नसल्यामुळे पक्व तुऱ्यावर पाऊस पडला, तर दाणे झाडावरच मोडावतात. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरून, फुलोरा थंडीत आणि काढणी उन्हाळ्याचा कडाका सुरू होण्यापूर्वी साधावी, हाच आपल्या मुलखात शहाणपणाचा मार्ग.

दाण्याच्या सालीतील कडू सॅपोनिनमुळे पाखरे दूर राहतात, यावरून पिकाला कीडरोग नाहीत असे काही जण मानतात. तेही खरे नव्हे. दमट हवेत केवडा येतो, पाने खाणाऱ्या अळ्याही येतात.

ज्वारीला पर्याय म्हणून क्विनोआची शिफारस होते, ती मात्र मला मान्य नाही. त्यात शेकडा १४ च्या आसपास प्रथिने आहेत, हे निर्विवाद. पण राजगिराही त्या बाबतीत फारसा मागे नाही, आणि दुष्काळात गोठ्यातील जनावरांना जगवणारा ज्वारीचा कडबा क्विनोआ देऊ शकत नाही. प्रथम दोन-चार गुंठ्यांत, आणि ग्राहक ठरवूनच, त्याचा अनुभव घ्यावा.

घरी शिजवताना दाणा कडू लागला म्हणजे तो नासला, असे समजू नये. पाणी फेसाळण्याचे थांबेपर्यंत तो चोळून धुवावा. धुतलेला दाणा साठवायचा असल्यास त्याच दिवशी कडक उन्हात वाळवावा, कारण काही तासांतच त्याला मोड फुटू लागतात. पेरणीसाठी राखलेले बी मात्र न धुता, कोरड्या आणि थंड जागी ठेवावे. उष्ण-दमट हवेत त्याची उगवणशक्ती लवकर ओसरते.