शाळेंतील कृपाण

एकच वस्तु एकाला धर्मचिन्ह वाटते आणि दुसऱ्याला शस्त्र. अशा वेळीं न्यायाधीशानें कोणाच्या नजरेनें पाहावें? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानें २ मार्च २००६ रोजीं दिलेल्या एका निकालांत या प्रश्नाचा फार चांगला ऊहापोह आहे. आज तोच समजावून घेऊं.

अमृतदीक्षा घेतलेल्या शीखानें केश, कंगवा, कडें, कच्छा आणि कृपाण हे पांच ककार अंगावर वागवावे, असें त्याचा धर्म सांगतो. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या कलमांत तर कृपाण बाळगणें हा शीख धर्माचरणाचा भाग म्हणून स्पष्टच नमूद आहे. कॅनडाच्या घटनेंत असा उल्लेख नाहीं. तेथें धर्मस्वातंत्र्याचा सामान्य हक्क आहे, आणि तोहि वाजवी मर्यादांस अधीन आहे.

घडलें तें असें. नोव्हेंबर २००१ मध्यें क्वेबेक प्रांतांतील मॉन्ट्रिअल येथें शाळेच्या पटांगणांत एका शीख विद्यार्थ्याचें कृपाण चुकून खालीं पडलें. शाळाखात्यानें प्रथम सामोपचारानें सुचविलें कीं, तें कपड्यांच्या आंत नीट बंदिस्त ठेवावें. आईबापांनीं हें मान्यहि केलें. परंतु शाळेच्या समितीनें शस्त्रबंदीच्या नियमावर बोट ठेवून ही तडजोड फेटाळली. वरच्या मंडळानें तिचीच री ओढली आणि सुचविलें कीं, मुलानें गळ्यांत कृपाणाच्या आकाराचें पदक घालावें, किंवा निरुपद्रवी पदार्थाचें कृपाण बाळगावें. धातूचें नाहीं तें कृपाणच नव्हे, अशी मुलाची श्रद्धा! प्रकरण न्यायालयांत गेलें.

मे २००२ मध्यें प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयानें अटी घालून परवानगी दिली. म्यान लांकडाचें असावें. म्यानासह कृपाण जाड कापडांत शिवून टाकावें व तें कपड्यांखालीं राहावें. शिक्षकांना तपासणी करतां यावी. हरवल्यास तत्काळ कळवावें. अट मोडल्यास हक्क कायमचा गेला. २००४ सालीं अपील न्यायालयानें हा निकाल फिरविला. सर्वोच्च न्यायालयानें मात्र बंदीचा ठराव एकमतानें रद्द केला. तोंपर्यंत मुलगा ती सरकारी शाळा सोडून खासगी शाळेंत गेला होता.

न्यायालयाची विचारसरणी पाहण्यासारखी आहे. शाळेंतील सुरक्षितता हा हेतु रास्त, आणि शस्त्रबंदीचा त्याच्याशीं संबंध उघड, हें त्यानें मान्य केलें. पण हक्काचा संकोच आवश्यक तितकाच व्हावा. सरसकट बंदी त्या कसोटीस उतरली नाहीं. शिखांचीं मुलें त्या देशांतील शाळांत जाऊं लागून शंभर वर्षें झालीं होतीं; या काळांत शाळेंत कृपाणानें हिंसा झाल्याचा एकहि पुरावा पुढें आला नाहीं. शाळेला वाजवी सुरक्षितता राखावयाची असते, परिपूर्ण नव्हे. नाहींतर कात्री, पेन्सिल आणि बेसबॉलची बॅटहि बाहेर ठेवावी लागेल. कर्कटकाचें टोक ज्यानें वर्गांत वर्षानुवर्षें पाहिलें आहे, त्याला हा मुद्दा पटवून द्यावा लागत नाहीं. कृपाण हें हिंसेचें प्रतीक आहे, हा युक्तिवाद तर न्यायालयानें शीखधर्मीयांचा अनादर करणारा म्हणून नाकारला.

मग तेंच कृपाण सर्वत्र चालावें काय? नाहीं. १९८५ सालीं मॅनिटोबा प्रांतांत न्यायदालनांत कृपाण आणण्यावरील बंदी कायम झाली होती. १९९९ मध्यें विमानांतील बंदीहि मानवी हक्क न्यायाधिकरणानें उचलून धरली होती. हे निर्णय २००६ च्या न्यायाधीशांपुढें होतेच. त्यांनीं भेद दाखविला तो असा: विमानांत अनोळखी माणसें थोड्या वेळापुरतीं एकत्र येतात, तर शाळेंत शिक्षक आणि विद्यार्थी वर्षानुवर्षें एकमेकांस ओळखतात, कोणत्या मुलापासून धोका आहे हें तेथें पारखतां येतें. मला स्वतःला संबंध निकालांतील हाच भाग सर्वांत खरा वाटतो. अमुक वस्तु घातक कीं निरुपद्रवी, एवढें विचारून भागत नाहीं. ती कोणाजवळ, कोठें आणि कोणत्या बंदोबस्तांत आहे, हें पाहावें लागतें.

विमानाच्या बाबतींतहि पुढें मोजमाप आलें. नोव्हेंबर २०१७ पासून तेथील सरकारनें ६ सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याला देशांतर्गत व बहुतेक परदेशी उड्डाणांत मुभा दिली. अमेरिकेस जाणारीं विमानें मात्र त्यांतून वगळलीं.