विमानातून उतरल्यावर बुलढाण्याकडे: रेल्वे की बस?

मोठ्या शहरात उपचार घेऊन विमानाने परतणाऱ्या रुग्णाचा पुढचा प्रवासही तब्येत पाहून ठरवावा. सलग चार तासांहून जास्त बसून राहिल्यास पायांतील रक्तप्रवाह मंदावतो आणि खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण, गरोदर स्त्रिया, बाळंतीण, कर्करोगाचे रुग्ण आणि पूर्वी गुठळी झालेल्या व्यक्ती यांना हा धोका अधिक असतो. त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

नागपूरला उतरल्यास: शक्यतो रेल्वेने यावे. आडवे होता येते, डब्यात चालता येते, शौचालयही असते. लघवी लागेल म्हणून पाणी टाळावे लागत नाही. खालचा बर्थ मागावा. बुलढाणा शहरात रेल्वे नाही. मलकापूरहून सुमारे ४५ किलोमीटर रस्ता आहे. वाटेत राजूर घाट लागतो, म्हणून गाडी आधीच ठरवावी.

छत्रपती संभाजीनगरला उतरल्यास: रेल्वेला मनमाडचा वळसा पडतो, त्यामुळे बस किंवा खासगी गाडी सोयीची. अशक्त रुग्णासाठी हवे तिथे थांबणारी गाडी बरी. दर दोन तासांनी थोडे चालावे, बसल्या जागी घोटे हलवावेत.

औषधे, इन्सुलिन आणि डिस्चार्ज कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा.

एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणे असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पाय चोळू नका. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर लगेच १०८ वर फोन करा. रेल्वेत असाल तर १३९ वर.