रांगत पूर्ण केलेली शर्यत

शर्यतीत पहिली कोण आली ते लोक लक्षात ठेवतात, दुसरीला कुणी विचारत नाही. शाळेच्या क्रीडास्पर्धांत हे दरवर्षी दिसतं. पहिलीभोवती मैत्रिणींचा घोळका, आणि दुसरी एकटीच पाण्याच्या पिंपाकडे! पण एका शर्यतीत मात्र उलट घडलं. पहिली आलेल्या मुलीपेक्षा दुसरीच जगाच्या जास्त लक्षात राहिली. तिचं नाव ज्युली मॉस.

ही शर्यत हवाई बेटांवरची, 'आयर्नमॅन ट्रायथलॉन'. ट्रायथलॉन म्हणजे तीन खेळांची मिळून एकच शर्यत. आधी समुद्रात ३.८ किलोमीटर पोहायचं. ओल्या अंगानं बाहेर आलं की १८० किलोमीटर सायकल चालवायची, म्हणजे पुण्याहून मुंबई गाठून वर आणखी तीसेक किलोमीटर! आणि सायकल ठेवली की ४२ किलोमीटरची मॅरेथॉन धावायची. सगळं एकाच दिवसात, आणि घड्याळ मध्ये कुठंही थांबत नाही.

ही कल्पना जॉन कॉलिन्स हे नौदल अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांची. पोहणारे जास्त दमदार, धावणारे की सायकलवाले, असा वाद निघाला. तेव्हा ओआहू बेटावरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरं एकत्र जोडून १९७८ साली पहिली शर्यत झाली. पंधरा जण उतरले, बाराजणांनी ती पुरी केली. त्यांत बाई एकही नव्हती. दुसऱ्या वर्षी लिन लेमेअर ही एकटी बाई उतरली आणि सगळ्या पुरुषांत मिळून पाचवी आली!

ज्युली उतरली ती फेब्रुवारी १९८२ मध्ये. वय वर्षं २३. ती काही नावाजलेली खेळाडू नव्हती, कॅलिफोर्नियातली कॉलेजची विद्यार्थिनी होती. शारीरिक श्रमांचा शरीरावर होणारा परिणाम हा तिच्या अभ्यासाचा विषय. प्रबंधासाठी स्वतःच प्रयोग व्हावं, एवढाच तिचा हेतू. बक्षिसाची आशाही नव्हती, कारण रोख बक्षिसं सुरू झाली ती १९८६ पासून.

शर्यतीचा रस्ता जातो काळ्या लाव्हाच्या माळावरून. वर ऊन, खाली तापलेला रस्ता, आणि समोरून वारा. अशा रस्त्यावर ही विद्यार्थिनी सगळ्या बायकांच्या पुढं गेली! मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यातही तीच आघाडीवर होती. पण शरीर आता ऐकेना. थोडं धाव, थोडं चाल, असं करत ती कशीबशी शेवटच्या रस्त्याला लागली. तिथं पायच दुमडले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. माणसं हात द्यायला पुढं आली, तर तिनं त्यांना दूर सारलं. कुणाचा आधार घेतला तर आपण बाद होऊ, ही धास्ती! अंतिम रेषा अगदी हाकेच्या अंतरावर असताना मागून कॅथलीन मॅकार्टनी आली आणि पुढं निघून गेली. आपण आता पहिल्या आलो, हे तिला स्वतःलाही लगेच कळलं नाही.

ज्युली जमिनीवरच होती. पहिला नंबर गेला होता. तशीच पडून राहिली असती तर कोण काय म्हणणार होतं? पण ती हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत निघाली, आणि रेषेला हात लावला. दोघींत अंतर पडलं २९ सेकंदांचं. अकरा तासांहून जास्त वेळ चाललेल्या शर्यतीत फक्त २९ सेकंद!

हे चित्रण अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर दाखवलं गेलं आणि घराघरांतल्या माणसांचे डोळे भरून आले. ते बघून कितीतरी जण या खेळाकडे वळले. त्यातलाच एक तरुण, मार्क ॲलन, पुढं ही शर्यत सहा वेळा जिंकला. ज्युलीचं लग्नही त्याच्याशीच झालं, ते मात्र पुढं टिकलं नाही.

आता, शरीर असं एकदम का कोसळतं? आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो. घरात आठवड्याचं दळण असतं ना, तसा. जोराचे श्रम केले तर तो दीड-दोन तासांत संपत येतो. चरबी भरपूर असते, पण तिच्यातून शक्ती सावकाश मिळते. म्हणून वाटेत खात राहावं लागतं. शिवाय घामावाटे पाणी जातं तसं मीठही जातं. नुसतं पाणीच ढसाढसा पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि तेही धोक्याचंच. आपलं मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत हे जुनं शहाणपण आहे, ते असं!

मग ज्युलीनं केलं ते बरोबर का? डॉक्टर म्हणतील, नाही. उन्हात चक्कर आली, पाय लटपटले, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, तर तिथंच थांबावं, सावलीत जावं, मदत घ्यावी. घरी पापड-कुरडयांच्या उन्हातही हाच नियम, बरं का! ज्युलीच्या रांगण्याचं अनुकरण नकोच. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. पहिला नंबर हातातून गेल्यावरही हाती घेतलेलं काम तिला पुरं करण्याजोगं वाटलं.

'हे सगळं तरुण मुलींचं' असं कुणी म्हणेल, तर अमेरिकेतल्या सिस्टर मॅडोना ब्यूडर यांचं ऐका. त्या ख्रिस्ती जोगीण. वयाच्या ४८ व्या वर्षी प्रथम धावायला लागल्या. २०१२ साली, ८२ व्या वर्षी, त्यांनी कॅनडातली हीच एवढ्या अंतराची शर्यत सतरा तासांच्या मुदतीत पुरी केली!

आपल्याला काही हवाईला जायचं नाही. पण पोरं शाळेत गेल्यावर अर्धा तास भराभर चालायला काय हरकत आहे? गुडघे दुखत असतील किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत, मग पोस्टापर्यंत, मग स्टेशनपर्यंत. शेजारीण पुढं गेली तर जाऊ दे. आपण ठरवलं तिथवर पोचायचं.